होटगी रस्त्यावरची धावपट्टी

सोलापूरच्या होटगी रस्त्यावर धावपट्टी अनेक वर्षे होती. नव्हते ते विमान. शहरात नवीन आलेल्या पाहुण्याला ही गोष्ट चमत्कारिक वाटे. सुमारे दोन किलोमीटर लांबीची डांबरी पट्टी, कुंपण, लहानशी इमारत, रस्त्यावर विमानतळाची दिशा दाखवणारी पाटी, सारे जागच्या जागी. निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या नेत्याचे खाजगी विमान किंवा हेलिकॉप्टर उतरे, त्या दिवशी तेवढी वर्दळ होई. पुढे पुन्हा शांतता. तिकीट काढून विमानात बसायचे असेल तर सोलापूरकराने आधी पुणे किंवा हैदराबाद गाठायचे आणि मगच विमानाचा विचार करायचा, हाच शिरस्ता होता.

ही उणीव या गावात अधिक सलणारी होती. भारतात विमान बांधण्याचा पहिला कारखाना ज्यांनी काढला, ते शेठ वालचंद हिराचंद दोशी याच गावचे. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे दशा हुमड दिगंबर जैन समाजातील प्रतिष्ठित व्यापारी आणि समाजसुधारक. ‘जैन बोधक’ हे मासिक त्यांनीच सोलापुरातून सुरू केले. कापूस व सावकारी हा घरचा पिढीजात व्यवसाय. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेची कंत्राटे, बोरघाटातील बोगदे, १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघालेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट, अशी त्यांची वाटचाल जमिनीवरून पाण्यावर गेली. हवेचा विचार त्यांना हवेतच सुचला, असे म्हटले तरी चालेल. १९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्यासाठी खटपट करून अमेरिकेहून परतताना, पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. त्या ओळखीतून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, भांडवलातही भाग घेतला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांचा पाठिंबा होता. १९४१ मध्येच तेथून पहिले प्रशिक्षण विमान उडाले. महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने कंपनीची सूत्रे आपल्याकडे घेतली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच.

सोलापुरात वालचंदांचे नाव महाविद्यालयाला आहे, अभियांत्रिकी संस्थेला आहे. हिराचंद नेमचंदांचे नाव वाणिज्य महाविद्यालयाला आहे. ही सारी श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेची कामगिरी. त्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या पिढ्यांनी वालचंदांचे चरित्र आदराने वाचले आणि मुंबईला जाताना सिद्धेश्वर एक्सप्रेसचे आरक्षण केले.

सिद्धेश्वर एक्सप्रेसची ही सवय साधी नाही. सोलापूरला रेल्वे आली ती १८६० मध्ये. तेव्हापासून या गावचा व्यापार रुळांच्या आधाराने वाढला. कापूस, भुसार, सूत, पुढे चादर आणि टॉवेल. रात्रीच्या गाडीत झोपायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत स्नान-दर्शन उरकून दिवसभर मूळजी जेठा मार्केट, काळबादेवी, मशीद बंदर फिरायचे, आणि रात्रीच्या गाडीने परत. दोन रात्री गाडीत गेल्या, पण दिवस एकच गेला आणि हॉटेलचा खर्च वाचला. या हिशेबापुढे विमान फार काळ टिकणे कठीणच होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये वंदे भारत सुरू झाली आणि मुंबईचे अंतर दिवसाउजेडी साडेसहा तासांवर आले. ‘मग विमान हवेच कशाला?’ असे विचारणारे व्यापारी आजही भेटतात आणि त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

पण प्रश्न सोलापूरकराने मुंबईला जाण्यापुरता कधीच नव्हता. बाहेरच्या खरेदीदाराने सोलापूरला येण्याचा होता. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे; अलीकडे शाळा, कारखाने, रुग्णालये यांच्या गणवेशांचा धंदाही येथे उभा राहिला आहे. परगावच्या मोठ्या खरेदीदाराला अर्ध्या दिवसाच्या भेटीसाठी दोन रात्रींचा प्रवास परवडत नाही. तो माल नमुन्यावरून मागवतो किंवा सरळ दुसऱ्या गावी वळतो. पेढीवर बसून ज्याने असे गिऱ्हाईक हातचे गेलेले पाहिले आहे, त्याला धावपट्टीवरची शांतता महाग पडत होती.

मधल्या काळात एकदा ती शांतता मोडली होती. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस किंगफिशरचे विमान काही काळ मुंबईसाठी उडत असे. ती सेवा बंद पडली, पुढे ती कंपनीच बंद पडली. मग केंद्राची ‘उडान’ योजना आली. लहान शहरांच्या मार्गांवरील तुटीचा काही भार सरकारने उचलायचा आणि तासाभराच्या उड्डाणाचे ठरावीक आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास ठेवायचे, अशी तिची रचना. एप्रिल २०१७ मध्ये नांदेडहून हैदराबादला विमान उडाले. नाशिक, जळगाव, कोल्हापूर येथेही पुढे सेवा सुरू झाल्या. त्याच यादीत सोलापूरचेही नाव होते. सोलापूर मात्र यादीतच राहिले.

कारण होते एक चिमणी.

विमानतळापासून जवळच कुमठे येथे श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. उसाच्या चिपाडावर वीज तयार करण्याचा सहवीजनिर्मिती प्रकल्प कारखान्याने उभारला आणि त्यासाठी सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी बांधली. उतरणारे विमान धावपट्टीवर एकदम येत नाही. कित्येक किलोमीटर आधीपासून ते हळूहळू खाली येत असते. धावपट्टीच्या टोकापासून बाहेरच्या बाजूला एक अदृश्य उतरण कल्पिलेली असते आणि तिच्यावर डोके काढणारी कोणतीही इमारत, झाड वा मनोरा अडथळा ठरतो. एखाद्या वैमानिकाने शिताफीने तो टाळून विमान उतरवले, तरी नियमित प्रवासी वाहतुकीला परवाना मिळत नाही. खाजगी विमाने उतरत असत आणि प्रवासी सेवा मात्र नाही, ही वरवर विसंगत वाटणारी गोष्ट त्यातून आली. धावपट्टी जमिनीवर दिसते तेवढीच नसते. तिचा अर्धा भाग आकाशात असतो आणि तो मोकळा राखावा लागतो, हे सोलापूरकरांना या चिमणीने शिकवले.

वाद वर्षानुवर्षे चालला. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकतीवाचून चिमणी उभी राहिली, हे शासनाचे म्हणणे. कारखान्याच्या बाजूचे म्हणणे असे की, कारखाना हजारो सभासद शेतकऱ्यांचा आहे, चिमणी पडली तर गाळप मंदावेल, आणि विमानतळच हवा तर त्यासाठी बोरामणीला जमीन घेतलेलीच आहे. प्रकरण न्यायालयांत गेले. चिमणी पाडण्याच्या हालचाली झाल्या की शेतकरी रस्त्यावर येत. त्या थांबल्या की विमानसेवेसाठी झटणारे नागरिक चक्री उपोषणाला बसत. एकाच गावात दोन मंडप, दोन घोषणा.

या भांडणात व्यापारी कोणत्या बाजूचा, हे ठरवणे सोपे नव्हते. सोलापूरच्या बाजारपेठेत, मार्केट यार्डात, ग्रामीण भागातील खत-बियाण्यांच्या आणि कापडाच्या दुकानांत जी उधारी चालते, ती पुष्कळदा उसाच्या बिलावर फिटते. कारखान्याने बिल काढले की दुकानात गर्दी, बिल थकले की खतावणीतील बाकीही थकली. ज्या घरातील मोठा भाऊ आडतीवर बसतो आणि धाकटा टॉवेलची निर्यात पाहतो, त्या घरात जेवणाच्या ताटावर हा वाद रंगला नसेल तरच नवल. निर्यात करणाऱ्याला विमान हवे आणि आडतवाल्याला कारखाना. दोघांचेही म्हणणे खरे होते. अशा वेळी ‘विकास’ हा एक शब्द उच्चारून मोकळे होणाऱ्या वक्त्यांची कीव करावी, एवढेच.

१५ जून २०२३ रोजी कडक पोलीस बंदोबस्तात नियंत्रित स्फोटाने चिमणी पाडण्यात आली. काही क्षणांत ती एका बाजूला कलली आणि धुळीच्या लोटात आडवी झाली. शहरात कोणी पेढे वाटले, कारखान्याच्या परिसरात अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. सहकारातून उभी राहिलेली वास्तू अशी पडताना पाहणे विमानसेवेच्या समर्थकांतही सर्वांना सुखाचे वाटले नव्हते. परवानगी देताना आणि बांधकाम उठताना जी दक्षता योग्य वेळी घ्यायला हवी होती, ती न घेतल्याची किंमत अखेर शेतकरी आणि प्रवासी दोघांनीही मोजली.

चिमणी पडली म्हणजे लगेच विमान आले असे नव्हे. धावपट्टीची डागडुजी, संरक्षक भिंत, इमारतीचे नूतनीकरण, परवान्यासाठीच्या तपासण्या यांत आणखी काळ गेला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे विमानतळाचे उद्घाटन केले. वर्षाला सुमारे ४ लाख १० हजार प्रवासी हाताळता येतील अशा रीतीने जुन्याच प्रवासी इमारतीचे नूतनीकरण झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. तरीही पहिले नियमित विमान उडायला ९ जून २०२५ उजाडला. त्या दिवशी ‘फ्लाय ९१’ या गोव्याच्या कंपनीची सोलापूर–गोवा सेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ‘स्टार एअर’ने मुंबई आणि बंगळूर जोडले. ही कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातील संजय घोडावत समूहाची. २०१९ च्या जानेवारीत बंगळूर–हुबळी मार्गावर तिने आरंभ केला होता आणि बेळगाव, कोल्हापूर यांसारख्या मधल्या शहरांवरच तिची भिस्त आहे. दक्षिण महाराष्ट्रातील जैन उद्योजकाचे विमान वालचंदांच्या गावी उतरले, याचे कौतुक समाजात झाले. ते स्वाभाविकही आहे.

मुंबई-पुण्याच्या विमानतळांची सवय असलेल्याने येथे आल्यावर अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. इमारत आटोपशीर आहे. सामान देण्याची जागा, सुरक्षा तपासणी आणि प्रतीक्षा कक्ष यांत मैलभर चालणे नाही. वृद्धांना हेच मोठे सुख. गोव्याचे विमान एटीआर जातीचे, पंख्यांचे, सुमारे सत्तर आसनांचे. त्यात मागच्या दाराने चढायचे असते आणि त्याला लहान धावपट्टी पुरते. स्टार एअरची एम्ब्रेअर १७५ ही जेट विमाने ७६ आसनांची. दोन्हीत एका ओळीत दोन-दोनच आसने असल्याने मधल्या आसनात अवघडून बसण्याचा प्रसंग येत नाही. साध्या भाड्यात साधारण पंधरा किलो सामान नेता येते. चादरींचे नमुने घेऊन निघणाऱ्याने घरीच वजन करून घ्यावे, काउंटरवर गाठोडे सोडण्याची वेळ येऊ नये. खाण्यापिण्याची फार सोय गृहीत धरू नये. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी दशम्या, खाकरा, शेंगाचटणीचा डबा बरोबर ठेवावा. शेंगाचटणीही लसणाविना केलेली, एवढे सांगायला नकोच. सुरुवातीच्या सेवा दिवसाच्या वेळेतल्या ठेवल्या गेल्या, कारण रात्री विमान उतरवण्यासाठी धावपट्टीवर वेगळी दिव्यांची व्यवस्था लागते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांची मात्र त्यामुळे अनायासे सोय झाली. वेळापत्रक ऋतूप्रमाणे आणि कंपनीच्या सोयीप्रमाणे बदलते. निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

या मार्गांपैकी बंगळूरचा मार्ग जैन कुटुंबांना दोन अर्थांनी जवळचा आहे. श्रवणबेळगोळ बंगळूरपासून मोटारीने सुमारे दीडशे किलोमीटर. सोलापूरहून आजवर तेथे जायचे म्हणजे एक रात्र गाडीत आणि पुढे बस. वयस्कर आई-वडिलांना बाहुबलींचे दर्शन घडवण्याची इच्छा कित्येक घरांत याच प्रवासामुळे ‘पुढच्या वर्षी’वर ढकलली जात असे. २०१८ मध्ये महामस्तकाभिषेक झाला. बारा वर्षांच्या क्रमाने पुढचा २०३० च्या सुमारास येईल, तेव्हा हे विमान चालू असेल तर त्याला गर्दी कमी पडणार नाही. उलट दिशेने कर्नाटकातील यात्रेकरूंना कुंथलगिरी जवळ आली आहे. कुलभूषण व देशभूषण मुनींचे ते निर्वाणक्षेत्र, आणि १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली ती याच डोंगरावर. सोलापूरहून बार्शीमार्गे मोटारीने तेथे जाता येते. वाटेत तेरच्या प्राचीन महावीर मंदिराचे दर्शनही थोडी वाट वाकडी करून घेता येईल. दुसरे नाते वालचंदांचे. त्यांच्या कारखान्याबरोबर बंगळूरला जी धावपट्टी आली, तीच पुढे २००८ पर्यंत त्या शहराचे प्रवासी विमानतळ होती. नंतर ही वाहतूक देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली. सोलापूरचे विमान आता तेथे उतरते. काही वर्षे आधी ही सेवा सुरू झाली असती, तर सोलापूरचा प्रवासी थेट वालचंदांच्याच आवारात उतरला असता.

बोरामणीचे काय, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. हैदराबाद रस्त्यावरील या गावी मोठ्या विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन बरीच वर्षे झाली. तेथे अडचण आली ती वनजमिनीची. सोलापूर जिल्ह्याचा माळरान हा माळढोक पक्ष्याचा मुलूख. नान्नजचे अभयारण्य त्याच्यासाठीच आहे आणि या पक्ष्याचे दर्शन आता तेथेही अतिशय दुर्मीळ झाले आहे. मोकळ्या गवताळ रानात जमिनीवर अंडे घालणारा हा जड अंगाचा पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडे देतो. त्याचे रान गेले की तो दुसरीकडे वसत नाही. एका पक्ष्यापायी विमानतळ अडला, असे चारचौघांत हसून बोलले जाते. जैन घरात वाढलेल्या माणसाला त्या हसण्यात सामील होताना क्षणभर अडखळायला होते. शिवाय होटगी रस्त्याची धावपट्टी चालू झाल्यावर बोरामणीची निकडही तेवढी राहिलेली नाही, असे हिशेबाने पाहणाऱ्याला वाटेल.

हिशेब मात्र होटगी रस्त्याचाही पुरता लागलेला नाही. मुंबईच्या मार्गासाठी राज्य शासनाने आसनामागची तूट भरून देण्याचे मान्य केले, ते एका वर्षापुरते. त्यानंतर विमान राहते की जाते, हे ७६ पैकी किती आसने भरतात यावर ठरेल; सवलत संपताच विमान उडून गेल्याची उदाहरणे लहान शहरांच्या बाबतीत कमी नाहीत. मुंबईला जाणारा व्यापारी बहुधा रात्रीच्या गाडीतच बसेल आणि त्यात काही गैर नाही. विमान भरणार ते बंगळूर व गोव्याच्या प्रवाशांनी, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या भाविकांनी, आणि मुंबईकडून येणाऱ्या त्या खरेदीदारांनी, ज्यांना सकाळी येऊन पेढीवर नमुने पाहायचे आहेत. त्यांच्या सवडीचे वेळापत्रक मिळवायचे तर रात्री उतरण्याची सोय आधी व्हायला हवी, आणि तिच्यासाठी चेंबर व टॉवेल उत्पादकांच्या संघटनांनी आतापासूनच पाठपुरावा करावा. चिमणीच्या वेळी सुरुवातीची काही वर्षे कोणी बोलले नव्हते.